गर्भपिशवीचा आकार वेगळा असेल तर

भुसावळच्या एका वस्तीत आम्ही बायकांशी बोलत बसलो होतो. एका सासूबाईंनी सुनेच्या तोंडावरच सांगितलं, "हिची पिशवीच वाकडी आहे, मूल टिकायचं नाही." सुनेचा दोनदा गर्भ गेला होता, दोन्ही वेळा पाचव्या महिन्याच्या आसपास. घरात दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू झाली होती. आम्ही सोनोग्राफीचा कागद मागितला. तो पेटीच्या तळाशी निघाला. त्यावर लिहिलं होतं, 'बायकॉर्न्युएट युटेरस', म्हणजे दोन शिंगांची गर्भपिशवी. याचा अर्थ तिला कुणी समजावलाच नव्हता. 'वाकडी आहे' एवढाच शब्द घरी आला आणि त्यानेच सगळं घर हललं.

मुलगी स्वतः आईच्या पोटात असते तेव्हाच तिची गर्भपिशवी घडते. आधी दोन बाजूंना दोन नळ्या असतात. त्या मधे येऊन जुळतात, मधली भिंत विरते आणि एक पोकळ पिशवी होते. नळ्या वरच्या भागात जुळल्या नाहीत तर पिशवीला दोन शिंगं राहतात. जुळल्या पण भिंत विरली नाही तर आत पडदा राहतो. एकच नळी वाढली तर अर्धी पिशवी, आणि अजिबात जुळल्या नाहीत तर दोन पिशव्या. म्हणजे हे बाईच्या जन्माआधीच झालेलं असतं. तिनं पाळीत काय केलं, काय खाल्लं, याचा काडीचा संबंध नाही. नजर आणि पूर्वजन्मीचं पाप यांचं तर नावच काढू नका.

शंभरात चार-पाच जणींना यातलं काहीतरी असतं. बऱ्याच जणींना ते कळतही नाही आणि त्यांची बाळंतपणं सुखरूप होतात. २०१९ साली बांगलादेशातल्या एका गरीब घरच्या विशीतल्या बाईला मुलगा झाला, आणि २६ दिवसांनी पुन्हा पोट दुखायला लागलं तेव्हा कळलं की दुसऱ्या पिशवीत जुळी आहेत. तोवर तिची सोनोग्राफी झालीच नव्हती. तिन्ही बाळं वाचली. पण दरवेळी नशिबावर सोडता येत नाही.

अडचण कुठे येते? आतल्या पडद्याला रक्तपुरवठा कमी, तिथे गर्भ रुजला तर बऱ्याचदा गळतो. असा पडदा दिवस राहण्याआधी दुर्बिणीतून कापता येतो, पण प्रत्येकीचा कापायलाच हवा असं नाही. दोन शिंगांच्या किंवा अर्ध्या पिशवीत बाळाला जागा अपुरी पडते. ते फिरत नाही, पायाळू राहतं, वजनाला कमी भरतं, दिवसाआधी येतं. काहींचं गर्भपिशवीचं तोंड लवकर उघडतं. म्हणून चौथ्या महिन्यापासून डॉक्टर सोनोग्राफीत तोंडाची लांबी मोजतात आणि गरज दिसली तर टाका घालतात. टाका असताना कळा सुरू झाल्या तर घरी वाट पाहू नका. टाका लगेच काढावा लागतो, नाहीतर तोंड फाटतं.

आकार सगळ्यात चांगला दिसतो तो पोट मोठं होण्याआधी. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच आशाताईंकडे नाव नोंदवा आणि पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिथे मागचा कागद दाखवा आणि 'माझी पिशवी अशी आहे' हे आपल्या तोंडानं सांगा. किडन्याही बघायला सांगा, कारण अशा बायांपैकी काहींना एकच किडनी असते.

एक गोष्ट जिवावरची आहे. अर्ध्या पिशवीला कधीकधी एक छोटं शिंग चिकटलेलं असतं. त्यात गर्भ राहिला तर ते फुटतं, आणि रक्त बाहेर दिसत नाही, पोटात साचतं. तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात पोटात एकदम जोराची कळ, घाम, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लिंबूपाणी पाजत बसू नका. १०८ ला फोन करा.

कामाचं काय? दिवसभर खाटेवर पडून राहिल्यानं बाळ टिकतं असं नाही. पण केळीचे घड वाहणं, सिमेंटची पाटी उचलणं, एप्रिल-मेच्या उन्हात निंदणी करणं बंद करा, पाणी पीत राहा. मजुरी बुडते, हे आम्हाला कळतं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतीच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हेच मांडलं होतं, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलावा. म्हणून मातृवंदना योजनेचा अर्ज वेळेत भरा.

बाळंतपण कुठे करायचं हे सातव्या महिन्यातच ठरवा. कमी दिवसांच्या बाळासाठी नवजात अतिदक्षता कक्ष लागतो. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात तशी सोय आहे. रावेर, साक्री, शिरपूरकडच्या घरांनी तर अंतर मोजूनच ठेवावं. दिवसाआधी कळा आल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन देतात. ते काम करायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच कळेला निघा. सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधं, रक्त आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे. हा नियम २०११ पासूनचा आहे.

आणि कुणी 'आता पिशवीच काढून टाका' म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. आकार वेगळा असणं हे पिशवी काढण्याचं कारण नव्हे.

भुसावळच्या त्या सुनेला तिसऱ्या वेळी टाका घातला. आठव्या महिन्यात कळा आल्या, बाळ पायाळू, सिझेरियन झालं. मुलगी पावणेदोन किलोची होती. तीन आठवडे दवाखान्यात छातीशी धरून सांभाळली, दुपारच्या पाळीत सासूबाईंनीही. तो सोनोग्राफीचा कागद आता प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर ठेवलेला असतो.