छोट्या दुकानात कॅमेरा: चोर पकडायला नाही, चोरी टाळायला

बपेऱ्यासारख्या गावात किराणा किंवा जनरल स्टोअर्स टाकायचं म्हणता, तेव्हा भांडवल, माल, उधारी सगळ्याचा हिशोब करता. चोरीचा मात्र करत नाही. चला, तोही करू.

समजा, तेलाची बाटली तुम्हाला १८० रुपयांना पडते आणि तुम्ही ती २०० ला विकता. नफा २० रुपये. एक बाटली चोरीला गेली, तर ते १८० भरून काढायला आणखी ९ बाटल्या विकाव्या लागतात. म्हणजे नऊ गिऱ्हाइकांची मेहनत फुकट!

कॅमेऱ्याआधी मांडणी

महाग आणि लहान वस्तू (क्रीम, ब्लेड, चॉकलेट) गल्ल्याजवळ ठेवा. गल्ल्यावरून दिसत नाही असा कोपरा ठेवूच नका. कोपरा टाळता येत नसेल, तर तिथे गोल आरसा लावा. हे झालं की मग कॅमेरा.

कुठे लावायचा?

पहिला गल्ल्यावर, दुसरा दारावर. दाराचा कॅमेरा फार उंच लावला तर फक्त टोप्या आणि डोकी दिसतात. सात-आठ फूट पुरे. दारातून ऊन येत असेल तर चेहरा काळा पडतो, म्हणून डब्ल्यूडीआर असलेला कॅमेरा मागा. छोटा स्क्रीन गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवा आणि पाटी लावा. आपण दिसतोय हे कळलं की निम्मं काम तिथेच होतं.

रेकॉर्डिंग किती दिवस टिकेल?

एक कॅमेरा सेकंदाला १ मेगाबिट वेगाने दिवसभर रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला साधारण ११ जीबी लागतात. ६४ जीबीच्या कार्डात पाचेक दिवस. तुम्ही माल महिन्यातून एकदा मोजत असाल, तर चोरी कळेपर्यंत रेकॉर्डिंग पुसलेलं असेल! म्हणून मोजक्या महाग वस्तू दर दोन दिवसांनी मोजा. लाईट जाते, तेव्हा कॅमेरा आणि राउटरला छोटा यूपीएस द्या. पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, तारीख-वेळ बरोबर करा.

कुठे लावायचा नाही?

कपड्यांचं दुकान असेल तर ट्रायल रूमकडे कॅमेऱ्याचं तोंड चुकूनही नको. २०१५ मध्ये गोव्यात कांदोळीच्या एका दुकानात तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनीच असा कॅमेरा असल्याची तक्रार केली आणि देशभर गाजावाजा झाला. बाईचं खाजगी चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

कोणी सापडलंच तर?

आधी रेकॉर्डिंग दोनदा बघा. कधी कधी माणूस वस्तू पिशवीत टाकतो आणि गल्ल्यावर काढून पैसेही देतो. खात्री झाली तर बाजूला घेऊन शांतपणे विचारा. मारहाण नाही, झडती नाही. आणि व्हिडिओ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. लहान गावात एका पोराला ‘चोर’ म्हटलं की त्याचं अख्खं घर तुमचं दुकान सोडतं, आणि बदनामीची केस तुमच्यावर येऊ शकते ती वेगळीच.

पोलिसांकडे जायचं ठरलं, तर मूळ रेकॉर्डिंग पुसू नका. कोर्टात त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर कायदाही समाजसेवेची शिक्षा देतो. मग आपणही जरा डोकं थंड ठेवायला काय हरकत आहे?

आज एवढंच करा: दुकानाचा नकाशा कागदावर काढा आणि गल्ल्यावरून न दिसणाऱ्या जागेवर फुली मारा. किती फुल्या आल्या, कमेंटमध्ये नक्की सांगा!