सुगडातला ऊस



गळीत ऐन भरात असतानाच संक्रांत येते. सूर्य मकर राशीत जाण्याची ही वेळ दर ७०-७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते, म्हणून हल्ली सण कधी १४ तर कधी १५ जानेवारीला पडतो. आदल्या दिवशी भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मिसळीची भाजी. सणादिवशी सुगडात हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजर, ओंब्या आणि उसाची कांडी! पुढं रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यातलं दूध उतू जाईपर्यंत पोरं जागची हलत नाहीत. हळदीकुंकूही तोवरच चालतं.

पण बोलावणं मात्र आपल्या गल्लीपुरतं. सुगडातला ऊस ज्यांनी तोडला त्या बीडकडच्या बाया सणालाही फडातच असतात. गेल्या साली आमच्या घरची मंडळी तिळगूळ घेऊन कोप्यांवर गेली. कोयता बाजूला ठेवून एकीनं कुंकू लावून घेतलं, अन् म्हणाली, "बाई, आमच्याकडं वाण कुठलं?" तरी निघताना तिनं वाढ्याची एक पेंढी पुढं केली. तोडकऱ्यांची वरकमाई ती. नाही म्हणवेना. घरी आणून गाईला घातली. यंदा रथसप्तमीला तिला घरी बोलावलंय.