सिगारचा धूर आत घेत नाही, मग धोका कसला?

‘डॉक्टर, सिगारेट सोडली ती सोडलीच. सिगारचं तसं नसतं. धूर तोंडात घोळवायचा, चव घ्यायची आणि सोडून द्यायचा. आत घेतच नाही मी.’

अठ्ठावन्न वर्षांचे हे गृहस्थ चार वर्षांपूर्वीच्या अँजिओप्लास्टीनंतर माझ्याकडे नियमित येतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) जावयाने परदेशातून आणलेली सिगारची लाकडी पेटी घरी आली आणि शनिवारी रात्री बाल्कनीत बसून एक सिगार ओढायची, असा नेम सुरू झाला. त्यांच्या पत्नीने न बोलता पिशवीतून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. वहीत प्रत्येक सिगारची नोंद होती: तारीख, नाव, राख किती वेळ टिकली, चव कॉफीसारखी की मिरीसारखी आणि शेवटी शंभरपैकी गुण.

वहीकडे आपण पुन्हा येऊ. आधी त्यांचा प्रश्न घेऊ, कारण तो अनेकांच्या मनात असतो.

सिगार आणि सिगारेट यांत फरक काय?

सिगारेटमध्ये साधारण एक ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असतो आणि तो कागदात गुंडाळलेला असतो. सिगारमध्ये आतला भरणा, त्याला बांधून ठेवणारे पान आणि वरचे आवरण हे सगळे तंबाखूचेच असते. मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम तंबाखू असू शकतो. म्हणजे काही सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असतो. अशी सिगार संपायला एक ते दोन तास लागतात.

‘पण ही प्रीमियम आहे, हाताने वळलेली आहे, यात कुठलेही केमिकल नाही,’ असेही सांगितले जाते. क्युबा, निकाराग्वा किंवा डॉमिनिकन रिपब्लिक इथली चांगली सिगार खरोखर मेहनतीने बनते. पाने वाळवून, ढीग रचून कित्येक महिने मुरवली जातात. चवीला खोली येते ती यामुळेच. मात्र याच मुरण्यात नायट्रोसमाइन नावाची कर्करोगकारक रसायने वाढतात. ती कोणी वरून घालत नाही, पानातच तयार होतात. शिवाय पान कितीही महागडे असले, तरी जळल्यावर त्यातून टार आणि कार्बन मोनॉक्साइड निघतोच.

धूर आत न घेता निकोटीन रक्तात कसे जाते?

हे समजायला आपल्याकडचे एक साधे उदाहरण पुरेसे आहे. तंबाखू मळताना त्याला चुना का लावतात? चुना अल्कधर्मी असतो. अल्कधर्मी वातावरणात निकोटीन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सहज रक्तात शिरते. म्हणून चुना लावलेला तंबाखू लवकर ‘लागतो’. तंबाखू खाणारा किंवा मिश्री लावणारा माणूस धूर ओढत नाही, तरी त्याला व्यसन लागतेच.

सिगारेटचा धूर काहीसा आम्लधर्मी असतो. त्यातले निकोटीन तोंडातून फारसे शोषले जात नाही. पुरेसे निकोटीन मिळण्यासाठी धूर फुप्फुसात ओढावा लागतो. सिगारचा धूर मात्र बहुतांशी अल्कधर्मी असतो. सोप्या शब्दांत सांगायचे, तर सिगारच्या धुरात चुना आधीच मिसळलेला असतो. धूर तोंडात घोळवला की निकोटीन गाल, जीभ आणि हिरड्यांतून रक्तात जाते.

सिगारेटसारखा झटका इथे बसत नाही, निकोटीन सावकाश चढते. त्यामुळे ‘मला काही होत नाही’ असे वाटते.

चव घेण्याच्या प्रत्येक पायरीला काय घडते?

घरी सिगारचा आस्वाद घेणारे साधारण एकाच क्रमाने जातात. त्याच क्रमाने पाहू.

१. न पेटवता ओढून पाहणे. टोक कापून, सिगार ओठांत धरून कोरडी चव घेतात. पान ओले झाले की त्यातले निकोटीन ओठांतून आणि तोंडातून शोषले जाऊ लागते. सिगार अजून पेटलेलीही नसते.

२. झुरका तोंडात घोळवणे. गरम धूर थेट टाळूवर आदळतो. पाइप आणि सिगार ओढणाऱ्यांची टाळू पांढरट, जाडसर होते आणि तिच्यावर लाल ठिपके दिसू लागतात. हे ठिपके म्हणजे सुजलेल्या लाळग्रंथींची तोंडे.

३. धूर नाकातून सोडणे. बारीक चवी ओळखण्यासाठी हे करतात, कारण आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग खरे तर वास असतो. यामुळे नाकाचे अस्तरही धुराच्या संपर्कात येते. तंबाखूने वासाची जाण बोथट होते, हेही लक्षात घ्या. ज्या नाकाच्या भरवशावर गुण द्यायचे, तेच हळूहळू मंद होत जाते.

४. शेवटचा तिसरा भाग. सिगार जळत जाते तसे निकोटीन आणि टार उरलेल्या भागात साचत जातात, धूर अधिक गरम आणि अधिक अल्कधर्मी होतो. म्हणून शेवटी सिगार ‘कडक’ लागते. गरगरणे, मळमळ, थंड घाम, धडधड हा सिगारचा दर्जा नसतो. ती निकोटीन जास्त झाल्याची लक्षणे आहेत.

५. सोबतचा पेग. दारू आणि तंबाखू एकत्र आले की तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून कितीतरी जास्त वाढतो.

कोणते आजार होऊ शकतात?

नियमित सिगार ओढणाऱ्यांना तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांचा कर्करोग होण्याचा धोका सिगार न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त असतो. धूर आत न घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी असतो, हे खरे आहे. पण तोंड आणि अन्ननलिकेच्या बाबतीत ही सूट मिळत नाही. धुरातली रसायने लाळेत मिसळतात आणि लाळ आपण गिळतोच. हिरड्यांचे आजार होऊन दात हलणे, पडणे हेही नेहमीचे. कधीतरी ओढणाऱ्याचा धोका रोज ओढणाऱ्यापेक्षा कमी असतो, पण शून्य नसतो.

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड स्वतः डॉक्टर होते आणि सिगारचे निस्सीम शौकीनही. १९२३ मध्ये त्यांना टाळू आणि जबड्याचा कर्करोग झाला. १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. तरीही त्यांची सिगार सुटली नाही.

आपल्या देशातही हा धोका जुनाच आहे. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्टा आणि गोव्यात धुमटी पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची पद्धत काही स्त्रियांमध्ये आढळत असे. अशा ओढण्यात टाळूचा कर्करोग होण्याचा धोका विशेष असतो.

सिगारेट सोडलेल्यांसाठी खास इशारा

ज्यांनी पूर्वी सिगारेट ओढली आहे, ते सिगार ओढतानाही नकळत धूर आत घेतात. वर्षानुवर्षांची ती सवय असते. धूर फुप्फुसात गेला की कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. निकोटीनने नाडी आणि रक्तदाब वाढतो. हृदयाला जास्त ऑक्सिजन हवा असतो, नेमका तेव्हाच तो कमी मिळतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब, पूर्वी झालेला पक्षाघात, मधुमेह किंवा दमा असलेल्यांनी ‘महिन्यातून एखादी’ असा हिशोबही करू नये.

घरातल्या माणसांचे काय?

एक मोठी सिगार तास-दोन तास धुमसत राहते. तिचा धूर बाल्कनीच्या दारातून आत येतो, पडद्यांत आणि सोफ्यात बसतो. पंखा, एक्झॉस्ट किंवा सुगंधी मेणबत्ती यांनी वास कमी होईल, पण धुरातली विषारी द्रव्ये जात नाहीत. गरोदर स्त्री, लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण घरात असेल, तर घरात आणि बाल्कनीत ओढायचीच नाही, असा नियम करा.

रक्षापात्रातले थोटूक लहान मुलाच्या हाती लागू देऊ नका. मुलाने ते चघळले किंवा गिळले, तर उलट्या, तोंडातून लाळ गळणे, चेहरा पांढरा पडणे, सुस्ती अशी लक्षणे दिसू शकतात. लक्षणांची वाट न पाहता आणि घरी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता मुलाला लगेच रुग्णालयात न्या. उरलेले थोटूक सोबत घ्या.

महिन्यातून एकदा तोंड तपासा

आरशासमोर, चांगल्या उजेडात ओठांची आतली बाजू, गाल, हिरड्या, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा आणि टाळू पाहा. पुढीलपैकी काहीही आढळले, तर डॉक्टर किंवा दंतवैद्यांना दाखवा:

• दोन आठवड्यांत न भरलेली जखम
• पांढरा किंवा लाल चट्टा
• तोंड पूर्वीइतके न उघडणे
• तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज
• गिळताना त्रास किंवा मानेत गाठ

दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही.

सिगार ओढताना छातीत दुखले, दम लागला किंवा भोवळ आली, तर सिगार विझवून तातडीने वैद्यकीय मदत घ्या. मधुमेही व्यक्तीला गरगरले तर साखरही तपासा.

सोडायची असेल तर

महिन्यातून एखादी ओढणाऱ्यांना बहुतेक वेळा फक्त ठाम निर्णय पुरतो. पेटी घराबाहेर काढा आणि त्या वेळेसाठी दुसरे काहीतरी ठरवून ठेवा. ओढण्याची ओढ वाटत असेल, चिडचिड होत असेल, तर निकोटीनचे गम, पॅच किंवा इतर औषधे उपलब्ध आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे.

आणि ती वही

मी ती वही चवीसाठी वाचली नाही, तारखा पाहिल्या. पहिले दोन महिने फक्त शनिवार होते. मग बुधवार आला. मग सलग तीन दिवस. चार ठिकाणी ‘शेवटी डोकं हलकं झालं’ असे लिहिले होते आणि त्या सिगारना सर्वांत जास्त गुण होते. एका पानावर ‘थोडी धडधड’. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेले हे लक्षण होते.

टॉर्च घेऊन तोंड पाहिले, तर टाळू पांढरट होती आणि तिच्यावर लाल ठिपके. दंतवैद्यांकडे पाठवले, हृदयाची तपासणीही केली. सुदैवाने दोन्हीकडे गंभीर काही निघाले नाही. टाळूतला हा बदल सिगार बंद केल्यावर बहुधा काही आठवड्यांत मावळतो, तसा त्यांचाही मावळला. मध्यंतरी एका लग्नात त्यांनी एक ओढली आणि पुढच्या भेटीत आपणहून सांगितले. अशा वेळी रागवायचे नसते, पुन्हा थांबायचे असते.

तुम्हीही घरी सिगार ओढत असाल, तर एवढे करा. गेल्या तीन महिन्यांत कोणत्या तारखांना ओढली, ते आठवून कागदावर लिहा. शेजारी त्या वेळी काय जाणवले, तेही लिहा. तारखा एकमेकींच्या जवळ सरकत असतील, तर तो आता शौक उरलेला नाही. तो कागद घेऊन डॉक्टरांना भेटा.