भरायला अजून अवकाश आहे

बारवी धरणाच्या भिंतीवर कुणालाही सहजी जाऊ देत नाहीत. म्हणून दुसऱ्या वर्षाची माझी नऊ मुलं बदलापूरकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला, करवंदीच्या जाळीशेजारी मांडीवर बोर्ड घेऊन बसली होती. श्रावण सरत आला होता. मी आर्किटेक्ट आहे, आठवड्यातले दोन दिवस शिकवतो आणि जमेल तसं लिहितो. त्या दिवशी मुलांना एवढंच सांगितलं होतं, धरणाचा सेक्शन काढा. सेक्शन म्हणजे उभा छेद. कलिंगड मधोमध कापावं तशी इमारत कापायची आणि आत दिसेल ते कागदावर मांडायचं. धरणाच्या बाबतीत हे फारच सोपं वाटतं. एका बाजूला पाणी, एका बाजूला कोरडं, मध्ये भिंत. अर्ध्या तासात शीट पूर्ण.

एका मुलीची पेन्सिल मात्र अडली. "सर, पाण्याखाली काय दाखवू?"

"जमिनीची रेघ," मी म्हणालो.

शेळ्या घेऊन आलेले एक म्हातारे गृहस्थ मघापासून तिच्या खांद्यावरून कागद बघत होते. त्यांना विचारलं, "काका, यंदा भरलं का धरण?" पाण्याकडे न बघताच ते म्हणाले, "अजून अवकाश हाय."

वर्गात 'स्पेस'ला मराठी शब्द विचारला की मुलं एकमेकांची तोंडं बघतात. मग मी फळ्यावर 'अवकाश' लिहितो आणि कुणीतरी रॉकेटचं नाव काढतं. मराठीत अवकाश म्हणजे जागा, आणि अवकाश म्हणजे वेळही. गाडीला अवकाश असतो, लग्नाला असतो, धरण भरायलाही असतो. एकाच शब्दात रिकामी जागा आणि व्हायचं राहिलेलं काही, दोन्ही बसतात. वास्तुकला शिकवणाऱ्याला भाषेने याहून मोठी देणगी काय द्यावी? ती देणगी ज्याने पुरेपूर वापरली तो एकच आर्किटेक्ट मला मराठीत दिसतो, माधव आचवल.

आचवलांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२६चा, मृत्यू २२ डिसेंबर १९८०चा. पुरी चोपन्न वर्षं. पेशाने आर्किटेक्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात वास्तुकलेचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख, आणि 'सत्यकथे'च्या पिढीतले लेखक. 'किमया' १९६१ साली मौजेकडून आलं. शिवाय 'पत्र', समीक्षेचं 'जास्वंद', 'रसास्वाद', 'डार्करूम आणि इतर एकांकिका'. म्हणजे ललित, समीक्षा, नाटक, अध्यापन आणि नकाशे. एवढ्या दगडांवर पाय ठेवणाऱ्याला आपल्याकडे लोक हौशी म्हणतात. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. 'किमया' माझ्याकडे आलं ते जुन्या पुस्तकांच्या ढिगातून, आधीच्या मालकाने पेन्सिलीने खुणा केलेलं. त्या खुणा माझ्या खुणांशी जुळत नाहीत हे बघण्यात माझे कितीतरी लोकलप्रवास गेले आहेत.

आचवल बडोद्यात होते, याला महत्त्व आहे. सयाजीरावांनी १८९०मध्ये कलाभवन काढलं. त्रिभुवनदास गज्जरांच्या हाताखाली तिथे रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, ड्रॉइंग एका छपराखाली शिकवलं जाई. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. १९४९ साली विद्यापीठ झालं, कलाभवनाची तंत्र-अभियांत्रिकी शाखा झाली आणि वास्तुकला त्या शाखेत बसली. पुढच्याच वर्षी ललितकला शाखा निघाली, तिथे ना. श्री. बेंद्रे शिकवायला आले, शंखो चौधुरी आले. एका गावात चित्रकार, शिल्पकार, इंजिनीअर आणि आर्किटेक्ट एकमेकांना रोज भेटू शकतील अशी ती वर्षं. त्यात राजघराणं मराठी, त्यामुळे मराठी नाटकाला आणि पुस्तकाला तिथे वाचक-प्रेक्षक होता. मुंबईत राहिले असते तर आचवल बिल्डरांच्या रांगेत उभे राहिले असते असं मी म्हणणार नाही, पण 'किमया' लिहायला त्यांना सवड झाली असती का, याची मला शंका आहे. सवड, म्हणजे पुन्हा तोच शब्द.

त्यांच्याहून दहा महिन्यांनी लहान असलेले बाळकृष्ण दोशी पुण्यात, गुजराती कुटुंबात जन्मले. जे. जे.मध्ये शिकले, पॅरिसला ल कॉर्बुझिएकडे काम केलं, अहमदाबादला स्थिरावले, १९६२मध्ये तिथे वास्तुकलेची शाळा उभी केली आणि २०१८मध्ये प्रिट्झकर पारितोषिक मिळवलं. आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डला ग्रोपियसकडे शिकून आले आणि कानपूरच्या आयआयटीचा परिसर उभारून गेले. दोघांनी शिकवलं, दोघांनी लिहिलंही, पण इंग्रजीत. आचवलांच्या भोवती वास्तुकलेची परिभाषा इंग्रजी होती आणि गावची भाषा गुजराती. तरी त्यांनी लिहिलं ते मराठीत, आणि आर्किटेक्टांसाठी लिहिलं नाही. दोशींची ओळख त्यांच्या इमारतींवरून होते. आचवलांचं नाव घेतल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे इमारत येत नाही, पुस्तक येतं. आर्किटेक्टच्या धंद्यात हा पराभव मानतात. मला तो तसा वाटत नाही, पण हे मी घरचे हप्ते फिटल्यावर म्हणतोय, हेही खरं.

इमारती बांधणारा माणूस असं गद्य कुठून शिकला? माझ्या मते उत्तर वर्गात आहे. वास्तुकलेच्या शिक्षणात ज्यूरी नावाचा एक प्रकार असतो. रात्रभर जागून काढलेली शीटं मुलगा भिंतीला टाचतो आणि चार मास्तरांसमोर उभा राहून बोलतो. 'इथे उजेड पूर्वेकडून येतो', 'इथे माणूस थांबेल', 'इथे भिंत वाकवलीय कारण…' त्या 'कारण'च्या पुढे बहुतेक मुलं गडबडतात. मग मास्तराला त्यांच्यासाठी वाक्य शोधावं लागतं, आणि ते साधं असावं लागतं, कारण समोरचा विशीतला आणि झोपेला आलेला असतो. परिभाषा फेकून चालत नाही. जिना चढताना गुडघ्याला काय वाटतं आणि उंबऱ्यावर पाऊल का अडखळतं, तिथूनच सुरुवात करावी लागते. 'किमया'त वास्तू, प्रकाश, पोत, आकार यांच्याबद्दल जे येतं त्याचा सूर मला या ज्यूरीतल्या चांगल्या मास्तराचा वाटतो. विद्यार्थी हजर आहे हे गृहीत धरलेला सूर. अतुल पेठे यांनी 'किमया'चं अभिवाचन रंगमंचावर आणलं तेव्हा लोक ऐकत बसले, यात नवल नाही. ते गद्य मुळात बोललेलं आहे.

बांधणारा, शिकवणारा, लिहिणारा ही परंपरा आपल्याकडे आचवलांच्या आधीपासून होती. क्लॉड बॅटली १९१३मध्ये मुंबईत आले, १९२३पासून वीस वर्षं जे. जे.च्या वास्तुकला शाळेचे मुख्य होते, ग्रेगसन, बॅटली अँड किंग या कंपनीतून इमारती बांधत होते आणि भारतीय वास्तुकलेवर लिहीतही होते. त्यांनी मुलांना जुन्या देवळांकडे आणि वाड्यांकडे टेप घेऊन पाठवलं. मेजर्ड ड्रॉइंग हा विषय आजही त्याच वळणाने चालतो: आधी मोजा, मग मत द्या. मराठीत आपण बहुधा उलट करतो.

या मोजण्याचं मूळ शोधायला गेलो तर मी परत आमच्याच लोकल लायनीवर येऊन उभा राहिलो. १८६८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे टेरी आपली माणसं घेऊन अंबरनाथला आले. कल्याणपुढची आगगाडी तेव्हा बारा वर्षं जुनी होती. वालधुनीच्या काठच्या शिवमंदिराची त्यांनी रेखाटनं केली, फोटो काढले, शिल्पांचे साचे घेतले. कला शिकवणाऱ्या संस्थेने आपल्या भागात येऊन एक वास्तू बारकाईने मोजली, त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली.

त्या देवळात शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा शिलालेख आहे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. बाहेरून ते काळ्या दगडाचं, भूमिज शैलीचं, अंगभर शिल्पं ल्यालेलं. मुलं बाहेरच्या शिल्पांपुढे तासभर रेंगाळतात, आणि मी त्यांना आत ओढून नेतो. एरवी देवळात देवाकडे जाताना माणूस चढत जातो. इथे मंडपातून गाभाऱ्यात जायचं तर पायऱ्या उतरायच्या. एकेक पायरीगणिक गारवा वाढतो, आवाज बसतो. खाली पोचल्यावर मान वर केली की कळतं, शिखर माथ्याशी अपुरं आहे आणि उजेड वरून, विहिरीत पडावा तसा पडतोय. हे देऊळ प्लॅनमध्ये कळत नाही. सेक्शन काढला की मग कळतं. भिंती म्हणजे देऊळ नव्हे, भिंतींनी धरून ठेवलेली पोकळी म्हणजे देऊळ, हे आचवल वाचून मला पटलं होतं. उमगलं ते त्या पायऱ्यांवर. एकदा एक मुलगा खालूनच ओरडला, "सर, म्हणजे ही उलटी बिल्डिंग आहे!" त्याला मी पूर्ण मार्क दिले.

इथवर आचवलांशी माझं भांडण नाही. भांडण सुरू होतं ते पुढच्या स्टेशनाकडे निघाल्यावर, उल्हासनगरात.

दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी कल्याणजवळ छावणी बांधली. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, संख्या लाखाच्या घरात गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी वसाहतीचं नाव उल्हासनगर ठेवलं. लोक पत्ता मात्र अजून 'कॅम्प नंबर तीन', 'बरॅक नंबर अमुक' असाच सांगतात. सैनिकांची खाट आणि ट्रंक मावावी म्हणून आखलेल्या लांबट बराकीत कुटुंबं राहिली. एका छपराखाली पडदे लागले, मग पत्रे, मग विटा, मग वरचा मजला. कुणाला अवकाश आणि कुठला प्रकाश! सौंदर्याची मीमांसा करणारी नजर इथे फिरवली तर ती चरचरते. पुढे अनधिकृत बांधकामं इतकी झाली की २००६मध्ये ती नियमित करण्यासाठी एकट्या उल्हासनगरपुरता वेगळा कायदा करावा लागला. आर्किटेक्टांना कायद्याने नोंदणी मिळाली ती १९७२मध्ये, पण या गावाचा बराचसा भाग आर्किटेक्टशिवाय, मिस्त्री आणि गरज यांनी मिळून बांधला.

'किमया'त हा माणूस मला सापडत नाही. तिथली नजर सुंदरावर ठरलेली आहे. चार्ल्स कोरिया यांनी वास्तूबद्दल तितक्याच तळमळीने लिहिलं, पण घर नसलेल्या माणसाला मध्ये ठेवून. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये त्यांनी ४५ ते ७५ चौरस मीटरांचे प्लॉट आखले, सात घरांमध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण ठेवलं, आणि घराघरात सामाईक भिंत ठेवली नाही, म्हणजे ज्याला जमेल तसं त्याने वाढवावं. लोकांनी वाढवलं. काहींनी कोरियांची घरं पाडून नवी बांधली आणि आर्किटेक्ट मंडळी हळहळली. मी नाही हळहळलो. वाढायला अवकाश ठेवला होता, तो वापरला गेला.

माझ्या स्वतःच्या घराच्या नकाशात एक गॅलरी होती. ताबा मिळाला तेव्हा ती हॉलमध्ये जाऊन बसली होती, आणि 'एरिया वाढला की तुमचा' असं मला समजावण्यात आलं. आर्किटेक्ट असून मी सही केली. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन त्या काचेवर येतं तेव्हा बायको म्हणते, "लिही आता यावर." लिहिलं.

तरीही 'किमया' मी बाजूला टाकू शकत नाही. आचवलांनी जे बघायला शिकवलं त्याच नजरेने मी बराक बघतो. दहा फुटांच्या खोलीत दारातच स्टूल टाकून बसलेली म्हातारी उंबऱ्याचा ओटा करते, हे मला दिसतं ते त्यांच्यामुळे. त्यांनी स्वतः ते बघितलं नाही, एवढीच माझी तक्रार.

आता पुन्हा बारवी. हे धरण एमआयडीसीचं. सत्तरच्या दशकातलं, पुढे टप्प्याटप्प्याने उंच केलेलं. कारखान्यांसाठी बांधलं आणि पाणी पितात ती अंबरनाथ-उल्हासनगरपासून ठाण्यापर्यंतची शहरं. शेवटच्या टप्प्यात पूर्ण पातळी ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटर झाली. कागदावर चार मीटर, म्हणजे माझ्या घराचा जेमतेम दीड मजला. जमिनीवर त्याचा अर्थ मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, काचकोळी, मोहघर अशा गावांची घरं-शेतं. उंचीचं काम आधी झालं, पण पुनर्वसन आणि घरटी एक नोकरी हे प्रश्न लोंबकळत राहिले, त्यामुळे वाढीव पाणी प्रत्यक्षात अडलं ते २०१९च्या पावसाळ्यात. मधल्या वर्षांत भिंत तयार होती आणि तिच्यामागच्या वरच्या पट्ट्यात लोक राहत होते. भिंतींनी धरून ठेवलेली पोकळी ही व्याख्या मी वर्गात शंभरदा सांगितली असेल. त्या पोकळीत चुली पेटलेल्या असू शकतात, हे फळ्यावर सुचत नाही.

करवंदीच्या जाळीशी मुलीने जमिनीची रेघ ओढली होती. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिने त्या रेघेवर चार चौकोनी घरं आणि एक छोटं देऊळ काढलं, आणि त्यांच्यावरून पाण्याची निळी आडवी रेघ नेली. शेळीवाले काका खाली वाकले. चष्मा नव्हता, म्हणून कागद लांब धरला.

"देऊळ हितं नाय," ते म्हणाले. "घरांच्या वर व्हतं. टेपाडावर."

"किती वर, बाबा?"

त्यांनी रस्त्यापलीकडच्या सागाकडे बघितलं, मग हात डोक्याच्या वर नेला, थोडा खाली आणला, पुन्हा वर नेला.

"तेवढं."

तिने रबर काढलं. पुसलेल्या जागी कागद जरा खरबरीत झाला. स्केल लावून तिने नवीन उंची मोजली, देऊळ वर नेलं, आणि आता त्याचा कळस पाण्याच्या रेघेला टेकला. ती थांबली. "सर, स्केल चुकलं का?"

काका म्हणाले, "नाय. बराबर हाय."