गेम अ‍ॅनिमेशनची पहिली नोकरी: जुन्नर-आंबेगावच्या घरांतले गैरसमज आणि वस्तुस्थिती

मंचर, ओतूर, नारायणगावकडची मुलगी अ‍ॅनिमेशनची पदवी घेऊन पुण्याहून फोन करते, "गेमच्या कंपनीत लागले." घरातल्या मोठ्यांच्या डोळ्यांसमोर पहिली येते ती रमीची जाहिरात. पाठोपाठ प्रश्न येतो, "त्याच्यावर तर सरकारनं बंदी आणली ना?"

हा गैरसमज सगळ्यात आधी काढायला हवा, कारण त्यापायी हाती आलेली नोकरी घरच्या घरीच मोडते. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यानं बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यासाठीच्या पैशांच्या देवघेवीवर. त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली आणि पैज न लावता खेळायच्या खेळांना वेगळं ठेवलं. गेममधली पात्रं, त्यांची हालचाल, त्यांच्या लढाया यांचा जुगाराशी संबंध नाही. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. आईवडिलांना हे शांतपणे सांगा. त्यांची काळजी खरी असते, माहिती तेवढी अपुरी असते.

"असल्या नोकऱ्या अमेरिकेत, जपानात. आपल्याकडं काय आहे?" आपल्याकडं पुणं आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ तिथं २००८ पासून आहे. २०२४ मध्ये आलेला 'इंडस' हा गेम पुण्याच्याच सुपरगेमिंगचा. आणि नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या चमूनं २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' आणला. त्यासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न झाला होता, तो फसला. तरी गेम पूर्ण झाला, आणि २०२०च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. कसरती करणारी एक मुलगी भावाला शोधायला निघते, एवढीच त्याची गोष्ट. तिच्या उड्या आणि कोलांट्या नीट बघा. पुण्यात काय दर्जाचं काम होतं ते कळेल.

आता खुद्द विद्यार्थ्यांच्या मनातला समज. कॉलेजात अ‍ॅनिमेशनपट शिकलो म्हणजे गेमचं अ‍ॅनिमेशनही आलंच, असं त्यांना वाटतं. पहिल्या नोकरीत ठेच लागते ती इथंच.

सिनेमात कॅमेरा दिग्दर्शकाच्या हातात असतो, गेममध्ये तो बहुतेक वेळा खेळणाऱ्याच्या हातात जातो. पात्राची टाच, पाठ, खांद्याची मागची बाजू, काहीच लपवता येत नाही. दुसरी अडचण वेळेची. सेकंदाला ६० चित्रं दिसत असतील तर एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. सिनेमातला योद्धा तलवार मारण्याआधी हात मागं नेण्यात अर्धा सेकंद घालवू शकतो. गेमच्या नायकानं तेवढा वेळ घेतला, तर खेळणाऱ्याला बटण अडकल्यासारखं वाटतं. म्हणून नायकाची पूर्वतयारी मोजक्या चित्रांत उरकायची आणि तलवारीचं वजन दाखवायचं ते वार झाल्यावर, तोल सावरताना. शत्रूचा वार मात्र मुद्दाम लांबवायचा, कारण तो ओळखून बाजूला व्हायला खेळणाऱ्याला सवड हवी. म्हणजे एकाच तलवारीचे दोन वार दोन वेगळ्या हिशोबांनी बसवायचे. शिवाय उभं राहणं, चालणं, पळणं, वळणं, पडणं हे तुकडे स्वतंत्र करायचे आणि खेळणारा कुठूनही कुठंही गेला तरी सांधा दिसू द्यायचा नाही. ही कला वेगळी आहे, आणि मला ती फार सुंदर वाटते.

"माया, ब्लेंडर शिकलं की नोकरी पक्की" ही समजूत कोर्स विकणाऱ्यांनी पसरवली आहे. सॉफ्टवेअर काही महिन्यांत हाताशी येतं, नजर घडायला वर्षं लागतात. १९८९चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम आठवा. तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरनं धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यावरून एकेक मुद्रा उतरवून घेतली. ॲपल टू या आजच्या मानानं अगदी तुटपुंज्या संगणकावर तो राजपुत्र जिवंत वाटला, तो या निरीक्षणामुळं.

या बाबतीत जुन्नर-आंबेगावची मुलं अजिबात मागं नाहीत. बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारी सुटते तेव्हा बैलाची पाठ बरीचशी ताठ राहते, जोर खांद्यांतून आणि मागच्या पायांतून येतो. फोनच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला १२० किंवा २४० चित्रं मिळत असतील, तर हे पावलापावलानं उलगडतं. बिबट्याचं शरीर याच्या उलट. पळताना त्याचा कणा वाकतो आणि ताणला जातो, चालताना खांद्याची हाडं आळीपाळीनं वर येतात आणि मागचा पंजा पुढच्याच्या ठशावर किंवा त्याच्या जवळ पडतो. मात्र त्याच्यासाठी कुणीही उसात जायचं नाही. या तालुक्यांनी बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गमावली आहेत. वस्त्यांवरच्या सीसीटीव्हीत टिपलेलं चित्रण अभ्यासाला पुरेसं आहे. नारायणगावच्या तमाशात ढोलकीच्या तोडीवर नाचणारीचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं जातं, हेही कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. चार पायांचं जनावर खात्रीनं चालवता येणारे नवखे अ‍ॅनिमेटर थोडे असतात. तुमच्या शोरीलमध्ये, म्हणजे निवडक कामाच्या चित्रफितीत, असा एक बैल असू द्या.

चित्रकला उत्तम हवीच असं नाही. थ्रीडी अ‍ॅनिमेटरला तोल, वजन आणि वेळ कळली पाहिजे, झटपट रेखाटन जमलं तर काम सोपं होतं.

रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी नायक हाती येत नाही. मोशन कॅप्चरमधून आलेली हालचाल साफ करणं, जमिनीवरून घसरणारी पावलं पक्की बसवणं, फाइलींना ठरलेली नावं देणं, काम इंजिनात टाकून ते तुटत नाही ना हे बघणं, हे नवख्याच्या वाट्याला येतं. वरिष्ठ तोच तुकडा पुन्हा पुन्हा परत पाठवतात. त्यात अपमान नाही, शिक्षण त्यातूनच होतं. गेम खेळायचा तो बहुतेक वेळा आपलीच चूक शोधायला.

मोठ्या कंपनीत काम कायम टिकतं, हाही भ्रम. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडं होती, २०२२ मध्ये ती माँट्रियलला गेली. असं घडतं. गेम बाहेर येईपर्यंत त्यातलं काम सहसा कुणाला दाखवता येत नाही, म्हणून नोकरी लागल्यावरही स्वतःचा सराव वेगळा चालू ठेवा.

शेवटी पैशांचं. 'शंभर टक्के प्लेसमेंट' वाचून लाखोंची फी भरण्याआधी त्या संस्थेच्या मागच्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांची शोरील मागा आणि त्यातले किती जण आज अ‍ॅनिमेशनच करतात ते विचारा. ब्लेंडर मोफत आहे. शोरील मिनिट-दीड मिनिटाची पुरे, सगळ्यात चांगला तुकडा आधी. नोकरीचं पत्र हातात आलं की प्रशिक्षणाचा काळ किती, करार किती महिन्यांचा, मध्येच सोडल्यास काही रक्कम भरावी लागते का, आणि गेमच्या श्रेयनामावलीत नाव येणार का, हे सही करण्याआधी विचारून घ्या.