वस्तू जुनी चालेल, गोष्ट खरी हवी!

मुलांनो, डहाणूला मसोलीत माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे. आठवीत शिकतो. त्याचं नाव सांगत नाही, कारण बिचाऱ्याला सगळ्यांनी आधीच पुरेसं चिडवून झालंय! राखीचे, दिवाळीचे, आजीने खाऊला दिलेले असे पैसे साठवून त्याने जुना मोबाईल घ्यायचं ठरवलं. मित्राच्या मित्राकडून निरोप आला, "दहा हजारांचा फोन दोन हजारांत!" फोन अगदी चकाचक होता. पण खोका नाही, पावती नाही, चार्जरसुद्धा नाही. विकणारा म्हणाला, "आजच घे, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." आणि त्याला बोलावलं कुठे, तर संध्याकाळी सातला चिकूच्या वाडीमागे.

हा गेला. एकटाच गेला. घरी येऊन सिमकार्ड घातलं, तर नेटवर्कच येईना! दुकानदाराने फोन तपासला आणि सांगितलं, "हा चोरीचा म्हणून बंद केलेला आहे." मग वडिलांबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन फोन देऊन यावा लागला. विकणाऱ्याचा नंबर तेव्हापासून बंद आहे. दोन हजार गेले ते गेलेच.

आता सांगा, चूक कुठे झाली? जुनी वस्तू घेतली ही चूक? मुळीच नाही! मुंबईत फाउंटनजवळच्या पदपथावरची जुनी पुस्तकं वाचून कितीतरी माणसं शहाणी झाली आहेत. जुनं घेण्यात कमीपणा नाही. चूक एवढीच, की त्याने वस्तू पाहिली, पण तिची गोष्ट विचारली नाही.

प्रत्येक जुन्या वस्तूला एक गोष्ट असते. ती पहिल्यांदा कुणी घेतली? कुठे? केव्हा? आता का विकताहेत? खरा मालक ही गोष्ट सरळ सांगतो. गोष्ट सांगताना जो अडखळतो, चिडतो किंवा घाई करतो, त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

काही वस्तू तर आपली गोष्ट स्वतःच सांगतात, बरं का! मोबाईलवर *#०६# दाबलं, की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो खोक्यावरच्या आणि पावतीवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा. हरवलेले फोन बंद करण्याची सोय २०१९ मध्ये आधी महाराष्ट्रात सुरू झाली. मे २०२३ पासून ती 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर देशभर मिळते. इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरं, मग थोडी जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक लिहा आणि १४४२२ ला एसएमएस पाठवा. फोन काळ्या यादीत आहे किंवा क्रमांक नकली आहे असं उत्तर आलं, तर हात जोडून परत फिरा. एवढं केलं असतं, तर आपल्या दोस्ताचे दोन हजार वाचले असते.

सायकल घेताय? बहुतेक सायकलींच्या फ्रेमवर क्रमांक कोरलेला असतो. कुणी तो मुद्दाम घासून टाकला असेल, तर समजून जा! चाक उचलून फिरवा. ते लटपटलं, तर आऊट काढावा लागणार. ब्रेक दाबून पाहा, फ्रेमच्या जोडांवर भेग नाही ना ते पाहा. आणि पुस्तकं? त्यांच्यावरचं छपाईचं वर्ष आधी वाचा. दहावीची पुस्तकं २०१८ मध्ये बदलली, तेव्हा आदल्या वर्षीचे संच एकदम निरुपयोगी झाले होते.

आता भेटायचं कुठे? दिवसाउजेडी, चार माणसांत. डहाणू रोड स्थानकाबाहेर किंवा ओळखीच्या दुकानासमोर चालेल. वाडी, ओसाड रस्ता, परक्याचं घर नको. आणि घरचं मोठं माणूस बरोबर हवंच. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायदा मानत नाही. पैशांचा व्यवहार मोठ्यांनी करावा, कागदावर दोघांची नावं, तारीख, वस्तूचा क्रमांक, किंमत लिहून सह्या घ्याव्यात.

विकतानाही सावध राहा हं! मोबाईल विकण्याआधी सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढा, आपलं खातं काढून फॅक्टरी रिसेट करा. नाहीतर फोनबरोबर तुमचे फोटोही परक्याच्या घरी जातील. वस्तूतला दोष लपवू नका. आपलीही गोष्ट खरीच हवी, नाही का?

एखादा न पाहताच म्हणतो, "मी सैन्यात आहे, बदली झालीय, लगेच पैसे पाठवतो. फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका." थांबा! पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला, की पैसे आपल्या खात्यातून जातात. ओटीपीही कुणाला सांगायचा नाही.

एक गंमत सांगू? १९३० हा आकडा दोनदा लक्षात ठेवा. माल विक्री अधिनियम १९३० सालचा आहे. साधारणपणे जो वस्तूचा मालकच नाही, त्याच्याकडून ती घेऊन आपण मालक होत नाही, असं तो सांगतो. म्हणून तर तो फोन परत द्यावा लागला. आणि ऑनलाईन फसवणूक झाली, तर लगेच फिरवायचा क्रमांकही १९३०च! जितकी घाई कराल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. आणि त्याआधी? आईबाबांना सांगा. रागावतील म्हणून गप्प बसलात, तर फायदा फसवणाऱ्याचाच.

आपला मसोलीचा दोस्त सध्या जुनी सायकल शोधतोय. परवा एक पसंत पडली. तो मला म्हणाला, "बाई, सायकल छान आहे, पण मालकाची गोष्ट काही जुळत नाही. सोडून दिली."

शाबास! दोन हजारांचा धडा वाया गेला नाही. तुम्हाला मात्र तो आज फुकटात मिळालाय. मग ठेवाल ना लक्षात?