भट्टीतून निघालेला चुना तोलून पाहा

गोव्यात आणि कोकण किनाऱ्यावर जुन्या बांधकामांत शिंपल्या भाजून केलेला चुना असायचा. घाटावर तेच काम चुनखडीने केले. दोन्हींत मुख्य पदार्थ एकच, कॅल्शियम कार्बोनेट. ते सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की कळीचा चुना मागे राहतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शाळेच्या पुस्तकात याला अपघटन म्हणतात. मुले समीकरण पाठ करून मोकळी होतात, पण खरी गंमत वजनात आहे.

अणुवस्तुमाने अशी: कॅल्शियम 40, कार्बन 12, ऑक्सिजन 16. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ऑक्सिजनचे तीन अणू, म्हणून 40 + 12 + 48 = 100. कळीच्या चुन्यात ऑक्सिजनचा एकच, म्हणून 40 + 16 = 56. उरलेले 44 वायूचे. म्हणजे 1000 किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली तर चुना 560 किलो, आणि 440 किलो वायू हवेत. भाजताना होणारी ही घट स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने 1750च्या दशकात तराजूवर मोजली होती.

हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो. थंडीत उबेसाठी भट्टीशेजारी झोपणे म्हणूनच जिवावर बेतू शकते.

आता समजा, 560 ऐवजी 640 किलो माल निघाला. विकणारा खूश होईल. घेणाऱ्याने मुळीच होऊ नये! घट 360 किलोच झाली. 100 किलो चुनखडी फुटली की 44 किलो घटतात, या हिशेबाने सुमारे 818 किलोच फुटली. बाकी 182 किलो दगड कच्चाच राहिला, आणि खरा चुना भरला फक्त 458 किलो. पाणी घातले की चुना फसफसून विरतो, कच्चे खडे मात्र तळाशी तसेच राहतात. (दगडात माती-वाळू असेल तर तीही न घटता मागे राहते, म्हणून तिचे प्रमाण आधी वजा करावे.)

पुढचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. 56 किलो कळीचा चुना विरताना 18 किलो पाणी धरून ठेवतो आणि 74 किलो होतो. भिंतीला लावल्यावर तो हळूहळू हवेतला 44 किलो कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि 18 किलो पाणी सोडून देतो. भिंतीवर पुन्हा 100 किलो कॅल्शियम कार्बोनेट.